चौदा नंबरचे सहा व्हॉल्व्ह

पाइप फुटला तेव्हा सकाळचे नऊ चाळीस झाले होते. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात भाचीच्या खुर्चीमागे उभा राहून स्क्रीनवर बोट ठेवून वाचत होतो. काचेला बोट लावलेलं तिला आवडत नाही. पण मी वाचायला शिकलो तो पन्नाशी उलटल्यावर, आणि बोट नसलं की माझी ओळ अजून सुटते.

"मामा, काच तुम्हालाच पुसायला लावीन हं," ती म्हणाली, तेवढ्यात फोन वाजला.

फोनवर पिटुकला होता. पिटुकला म्हणजे सहा फूट दोन इंच उंचीचा, वाकल्याशिवाय कुठल्याच दारातून आत न शिरणारा आमचा व्हॉल्व्हमन. आमच्याकडे शहराचं पाणी सहा फेऱ्यांत वाटलेलं आहे आणि एकेका फेरीला एकेक व्हॉल्व्हमन आहे. फेरी म्हणजे त्याच्या हद्दीतले रस्ते, रस्त्यांखालचे पाइप आणि त्या पाइपांवर जमिनीत बसवलेले व्हॉल्व्ह. लोखंडी झाकण उचलायचं, उंच दांड्याचा पाना आत उतरवायचा आणि फिरवायचा. पाणी बंद, पाणी चालू. तिसरी फेरी माझी, तीस वर्षं झाली. पाचवी पिटुकल्याची, चार महिने झाले.

"मामा, मोठा पाइप गेला!" तो ओरडत होता, कारण मागे पाण्याचा धबधबा वाजत होता. "हॉस्पिटलच्या अलीकडे! रस्ता फाटलाय, दुसऱ्या मजल्यापर्यंत फवारा उडतोय!"

"मग बंद कर ना."

"काय बंद करू? इथं चारी बाजूंना झाकणं आहेत. दोन बंद करून बघितले, त्याला ढिम्म फरक नाही." मग त्याचा आवाज एकदम खाली आला. "मामा, ती आत आहे."

त्याची बायको. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसच्या मशीनवर चार तास पडून राहावं लागतं. परवा मशीन बिघडलं म्हणून तिला तशीच घरी पाठवली होती. दोन रात्री बिचारी उशीला टेकून बसून झोपली, आडवी झाली की दम लागायचा. आज नऊला तिला मशीन लावलं होतं, ते एकला सुटणार होतं. त्या मशीनला सतत पाणी लागतं.

"वॉर्डाच्या टाकीत किती आहे?"

"सिस्टर म्हणते, अकरापर्यंत पुरेल. नळाचा दाब गेलाय. अकरानंतर मशीन काढावं लागेल. आज काढलं तर..."

"तू तिथंच थांब," मी म्हटलं. "आम्ही सांगतो."

आम्ही सांगतो, असं म्हणालो खरं. पण पाचव्या फेरीचं माहीत असलेला माणूस जगात उरला नव्हता. पिटुकल्याच्या आधी तिथं जो होता त्याला आम्ही 'नकाशा' म्हणायचो, कारण त्याला नकाशा कधी लागला नाही. कुठला पाइप कुठं वळतो, कुठं जुना बुजवून नवा टाकलाय, सगळं त्याच्या डोक्यात. सहा महिन्यांपूर्वी तो वारला. मागे राहिलं एक रजिस्टर, तेही त्याच्या कोंबड्याच्या पायांच्या अक्षरात. एकेक पान उलटून पाइपाचा माग काढायचा तर दुपार होते.

भाची मात्र खुर्चीत सरसावून बसली. डोळे असे चमकले, जणू तिला कुणी लाडू दिला.

"मामा, ह्याच्यासाठीच तर तीन महिने घातलेत! विचारू या."

माझ्या बहिणीची ही मुलगी. सहाही फेऱ्यांची रजिस्टरं डेटाबेसात भरायचं काम तिच्याकडे होतं. तिनं ते मला सोपं करून सांगितलं होतं. एक तक्ता व्हॉल्व्हचा: नंबर, जागा, किती वेढे, कुठल्या दिशेनं फिरतो. दुसरा तक्ता पाइपांचा: ह्या व्हॉल्व्हपासून त्या व्हॉल्व्हपर्यंत. दोन तक्ते नंबरावरून एकमेकांना जोडायचे आणि प्रश्न विचारायचा. प्रश्नाला ती क्वेरी म्हणते. रजिस्टराला कधी प्रश्न विचारता येत नाही, ते फक्त दाखवतं. हे तर उत्तर देतं! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं होतं.

काल संध्याकाळीच सगळं भरून झालं होतं. "सहाशे अकरा ओळी घेतल्या," असं कॉम्प्युटरच्या मशीननं स्वतःच लिहून दाखवलं होतं. सहाव्या फेरीवर चाचणी घेतली, दहापैकी दहा उत्तरं बरोबर. भाचीनं सगळ्यांना चहा पाजला होता.

तिनं आता हॉस्पिटलच्या रस्त्यावरचे व्हॉल्व्ह विचारले आणि खटकन बटण दाबलं.

शून्य ओळी.

"रस्त्याचं नाव चुकलं असेल," ती म्हणाली आणि नुसतं 'हॉस्पिटल' विचारलं. शून्य. पाचव्या फेरीतला शाळेचा चौक विचारला. शून्य. बागेमागची गल्ली. शून्य.

तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी पाढा विसरली की अशाच व्हायच्या.

दारातून साहेब आत आले. आमचे इंजिनिअर साहेब, एका कानाला फोन आणि दुसरा फोन हातात. "पाणी हॉस्पिटलच्या वीजघराच्या भिंतीला लागलंय. साडेदहापर्यंत काही होत नसेल तर मी पाचव्या फेरीची टाकीच बंद करायला सांगतो. हॉस्पिटलला टँकर पाठवतोय."

"साहेब, टँकरचं पाणी त्या मशीनला चालत नाही," मी म्हटलं. "तपासल्याशिवाय सिस्टर घेणार नाही."

"मला माहीत आहे मामा! पण वीजघरात पाणी शिरलं तर मशीनला वीज पण नाही." सगळेच मला मामा म्हणतात, साहेबसुद्धा. "तुमचं ते तक्त्याचं काय झालं?"

"दहा मिनिटं," भाची म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

साहेब बाहेर गेले.

"सगळी यादी दाखव," मी म्हटलं. "अथपासून."

"मामा, आत्ता वाचत बसायची वेळ आहे का?"

"दाखव तर."

तिनं यादी उघडली. मी बोट ठेवलं आणि वाचत निघालो. एक, दोन, तीन. भरभर वाचणारा माणूस असली यादी डोळ्यानं चाळतो. मला ते जमत नाही. मी प्रत्येक ओळीच्या दारात उभा राहतो. चौदाव्या ओळीवर माझं बोट थांबलं.

"चौदा, पिठाच्या गिरणीसमोर," मी वाचलं. "हे चूक आहे. चौदा लॉन्ड्रीच्या दारात आहे."

"मामा, रजिस्टरात गिरणीच असेल, म्हणून आलंय."

"अगं, तीस वर्षं मी त्या लॉन्ड्रीवाल्याच्या शिव्या खाल्ल्यात झाकण उचललं म्हणून. चौदा तिथंच आहे. माझा चौदा."

भाची हळूच वळली. "तुमचा चौदा म्हणजे?"

"माझ्या फेरीतला."

"आणि गिरणी?"

"गिरणी सहाव्या फेरीत."

"म्हणजे सहाव्या फेरीतही चौदा नंबर आहे?"

"असणारच की! प्रत्येकाच्या फेरीत एकपासून नंबर असतात. चौदा नंबरचे सहा व्हॉल्व्ह आहेत गावात."

ती खुर्चीतून उठलीच. "मामा! पहिल्याच दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, एक नंबर दोनदा येतो का? तुम्ही म्हणालात, छे, आम्ही तसले गबाळे नाही!"

आणि मी खरंच तसं म्हणालो होतो. छाती फुगवून म्हणालो होतो. माझ्या फेरीत एक नंबर दोनदा नसतोच! दुसऱ्याच्या फेरीत काय आहे ते माझ्या डोक्यात आलंच नाही. आम्ही व्हॉल्व्हमन नंबर सांगतो तेव्हा फेरी सांगत नाही. कोण बोलतंय त्यावरून ती कळतेच. मशीनला कोण बोलतंय ते कसं कळणार?

"मग झालं काय?" मी विचारलं.

"मी त्याला सांगून ठेवलं होतं, नंबर नवा असला तर नवी ओळ लिही, आधीच असला तर जुन्या ओळीवर नवी माहिती लिही. पहिल्या फेरीचा चौदा आला, लिहिला. दुसरीचा आला, पहिल्यावर लिहिला. असं करत करत सहावी फेरी सगळ्यांच्या उरावर बसली." तिनं काहीतरी टाइप केलं. "बघा. मोजलं असतं तर कालच कळलं असतं. एकशे सत्तावीस ओळी. सहाशे अकरा घेतल्या आणि उरल्या एकशे सत्तावीस! घेतल्या किती ते वाचून मी खूष झाले, उरल्या किती ते बघितलंच नाही."

एकशे सत्तावीस म्हणजे माझ्याच फेरीचा आकडा. माझ्या शेपटीकडचे तेवढे वाचले होते, कारण तेवढे नंबर दुसऱ्या कुणाकडे नव्हते. पाचवी फेरी मुळापासून गायब.

"गेलं सगळं?"

आणि तेव्हा ती हसली. त्या दिवशीचं पहिलं हसू. "गेलं कशाला? कच्चा माल कोणी फेकतं का?"

रजिस्टरं जशी टाइप झाली तशीच्या तशी तिनं एका वेगळ्या तक्त्यात ठेवली होती. चुकांसकट, कोरे रकाने कोरेच ठेवून. त्याला ती कच्चा तक्ता म्हणायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. प्रत्येक ओळीला ती कुठल्या रजिस्टरातून आली तेही लिहिलेलं होतं. पाइपांच्या तक्त्याचंही तसंच. रजिस्टर म्हणजेच फेरी. फेरी हरवली नव्हती, फक्त विचारली गेली नव्हती.

घड्याळात नऊ अठ्ठावन्न झाले होते.

मी आयुष्यात पुष्कळ माणसांना घाईनं काम करताना बघितलंय. पण तसली घाई बघितली नाही. तिची बोटं धावत होती आणि डोकं मात्र चालत होतं, एकेक पाऊल टाकत. पाणी भरलेल्या पाइपाचा व्हॉल्व्ह असाच फिरवायचा असतो. नवा तक्ता, जुना तसाच ठेवून. प्रत्येक व्हॉल्व्हला मशीननं दिलेला स्वतःचा ओळख क्रमांक, ज्याचा आमच्या नंबरांशी संबंध नाही. शेजारी फेरी, त्याच्या शेजारी आमचा नंबर. आणि नियम असा की फेरी आणि नंबर ही जोडी पुन्हा आली तर मशीननं ती घ्यायचीच नाही, तोंडावर नाही म्हणायचं.

"आता मोजते," ती म्हणाली. "बोला मामा, तुमचे किती?"

"एकशे सत्तावीस."

"बरोबर! पाचवीचे एक्याण्णव. एकूण..." तिनं टेबलावर थाप मारली. "सहाशे अकरा!"

मी पण थाप मारली. पेनांचा डबा खाली पडला. कुणी उचलला नाही.

मग पाइपांच्या तक्त्यात फेरी घालायची होती. ती बोलत बोलत टाइप करत होती आणि मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो. वाचता वाचता मशीनचं उत्तर आलं. माझी वाचायची गती तिच्यापेक्षा कमी, पण आकडे मला पटकन कळतात.

"पोरी, हे सातशे दोन काय आहे?"

"काय?"

"सातशे दोन ओळी बदलल्या म्हणतंय. तू तर पाचवीच्याच बदलणार होतीस ना?"

तिनं तोंडावर हात घेतला. गावातल्या सगळ्या पाइपांवर तिनं 'फेरी पाच' लिहून टाकलं होतं. फक्त पाचव्या रजिस्टरातल्या ओळी बदल, ही अट घाईत राहून गेली होती. पण तिनं शांतपणे एक शब्द टाइप केला, आणि सातशे दोन ओळी जशा होत्या तशा झाल्या.

"हे कसं केलंस?"

"आधीच सांगून ठेवलं होतं त्याला, मी पक्कं म्हणेपर्यंत काही पक्कं धरू नकोस. आता आधी बघणार, मग बदलणार." तिनं तीच अट घालून आधी नुसत्या ओळी मागवल्या. एकशे तीन आल्या. मी रजिस्टराचं शेवटचं पान उघडून बघितलं, एकशे तीन. मग बदल केला, एकशे तीन बदलल्या. पाठोपाठ बाकीच्या पाच फेऱ्या, दर वेळी आधी बघून. आणि मग ती म्हणाली, "पक्कं." मलाच पक्कं म्हणाली असं वाटलं.

दहा बारा झाले. पिटुकल्याचा पुन्हा फोन. "मामा, पाणी मांडीला लागलंय. काही सांगताय का?"

"आलंच. हिंमत सोडू नकोस."

"हिंमत आहे हो. चप्पल वाहून गेली."

भाचीनं आता खरा प्रश्न विचारला. फुटलेल्या जागेपासून निघायचं. पाइपानं पुढच्या व्हॉल्व्हपर्यंत जायचं. तो बंद होणारा असेल तर तिथं थांबायचं, नसेल तर पुढच्या पाइपात शिरायचं, पुन्हा तसंच. पाणी जसं स्वतः वाट काढतं तसं मशीननं वाट काढायची, फाटे फुटतील तिथं सगळ्या फाट्यांनी. डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

पाचवी फेरी: बावीस, तेवीस, एकतीस. तीन व्हॉल्व्ह बंद केले की फवारा बंद.

"तीनच?" मी ओरडलो. "अगं, तीनच?" मी तिन्ही ओळी रजिस्टराशी ताडल्या, फोन लावला आणि पिटुकल्याला जागा वाचून दाखवल्या, बोट ठेवून, एकेक अक्षर. बेकरीच्या कोपऱ्यावर बावीस. बँकेच्या पायऱ्यांजवळ तेवीस. एकतीस रस्त्याच्या मधोमध, पाण्याखाली.

"पण फिरवू नकोस अजून," भाची मधेच म्हणाली. "मामा, थांबवा त्याला! हॉस्पिटल बघा."

तिनं दुसरा प्रश्न विचारला होता: हे तीन बंद केल्यावर हॉस्पिटलला पाणी कुठून येईल? उत्तर आलं होतं: कुठूनच नाही. हॉस्पिटल आणि त्याच्या आजूबाजूचे चौदा पाइप, सगळं एक बेट झालं होतं. शेजारच्या फेऱ्यांत टाक्या भरलेल्या, आणि बेटाला एकही वाट नाही.

"असं कसं असेल?" मी म्हटलं. "हद्दीवरचे व्हॉल्व्ह आहेत की."

"कुठले?"

दोन फेऱ्यांचे पाइप जिथं एकमेकांना भेटतात तिथं हद्दीचा व्हॉल्व्ह असतो. तो कायम बंद, म्हणजे ह्या टाकीचं पाणी त्या टाकीच्या पाण्यात जात नाही. अडीअडचणीला उघडायचा. तो दोघांचाही असतो. दोघंही त्याला आपल्या मोजणीत धरतात आणि झाकणाच्या आपापल्या बाजूला आपापला नंबर रंगवतात.

"म्हणजे सहाशे अकरातले काही व्हॉल्व्ह दोनदा मोजलेत? एकच व्हॉल्व्ह, दोन ओळी?"

"दोन कसले, एकच. एक माहेरचं नाव, एक सासरचं."

"मामा, हे आधी सांगायचं ना!"

"तू आधी विचारायचंस ना!"

दोघंही हसलो, आणि हसता हसता तिनं तिसरा तक्ता उघडला. त्यात दोनच रकाने. ही ओळ आणि ती ओळ, एकच व्हॉल्व्ह. दोन्हींतली एकही पुसायची नाही, फक्त शेजारी शेजारी बसवायच्या. पाचवीला लागून तीन फेऱ्या होत्या: दुसरी, सहावी आणि माझी. मी दुसरीच्या व्हॉल्व्हमनला फोन लावला. आम्ही त्याला 'गप्पिष्ट' म्हणतो, कारण त्याला बोलतं करायला पाना लागतो.

"पाचवीच्या हद्दीवर तुझा कुठला?"

"अठ्ठ्याऐंशी."

"पलीकडं काय रंगवलंय?"

"सात." आणि फोन ठेवला.

सहावीचा मात्र सासूबाईंच्या तब्येतीपासून सुरू झाला. "सासूबाईंना नमस्कार सांग, नंबर बोल!" मी म्हटलं. त्याचे दोन निघाले. आणि एक माझा. बहात्तर. पलीकडे पिवळ्या रंगात अठ्ठावन्न. तो पिवळा नकाशानं रंगवला तेव्हा मी झाकण धरून उभा होतो.

चार जोड्या. भाचीनं भरल्या, मोजल्या, चार. प्रश्न पुन्हा विचारला. हे तीन बंद करून ह्या चारांतला कुठला उघडला तर हॉस्पिटलला पाणी पोचेल आणि फुटलेल्या तुकड्यात जाणार नाही?

एकच ओळ आली. मी बोट ठेवलं नाही. ठेवायची गरजच पडली नाही.

तिसरी फेरी, बहात्तर.

"माझा!" मी म्हणालो. साहेब दारात उभे होते, ते कधी आले कळलंच नाही. त्यांच्या हातातला फोन टाकीवर लावलेला होता. दहा सव्वीस झाले होते.

"साहेब, टाकी बंद नका करू. तीन बंद, एक उघडा. मी निघालो."

साहेबांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मामा, खात्री?"

"तीन आकडे मी रजिस्टराशी ताडलेत. चौथा माझ्या हातचा आहे."

ते फोनवर म्हणाले, "टाकी राहू दे." आणि मला म्हणाले, "गाडी घ्या."

गाडीत मी उंच पाना खिडकीतून बाहेर काढून बसलो होतो. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, भाला घेऊन निघाल्यासारखे दिसताय." भाचीनं आम्हा सगळ्यांना एकाच फोनवर घेतलं होतं: मी, पिटुकला, हॉस्पिटलातली सिस्टर.

"आधी तीन बंद, मग बहात्तर," ती सांगत होती. "उलटं केलं तर तुमच्या टाकीचं पाणीही रस्त्यावर. पिटुकलेदादा, बावीसला सव्वीस वेढे आहेत."

"बावीस चालू. एक... दोन..." पिटुकला मोजत होता. मग तेवीस. मग नुसता पाण्याचा आवाज आला. एकतीस पाण्याखाली होता. तो चाचपडत झाकण शोधत होता.

"मिळालं!" तो ओरडला. "झाकण मिळालं! मामा, फिरतोय!"

मी बहात्तरपाशी पोचलो होतो. दुकानांची ओळ, फुटपाथ, झाकण. ते उचललं, पाना उतरवला, कान दांड्याला लावला. आत शांत.

"बहात्तर डावीकडे उघडतो की उजवीकडे?" भाचीनं विचारलं. "तुमच्या ओळीत उजवी लिहिलंय. पाचवीच्या ओळीत रकाना रिकामा आहे."

"रिकामा म्हणजे डावी नव्हे. उजवीच. गावात असे उलटे उघडणारे सहाच आहेत."

"एकतीस बंद!" पिटुकल्याचा श्वास फुलला होता. "फवारा बसला! मामा, बसला! लोक टाळ्या वाजवतायत!"

"सिस्टर, किती उरलंय?" मी विचारलं.

"टाकी तळाला आलीये," सिस्टर म्हणाली. "नळाचा काटा शून्यावर आहे. दहा मिनिटांत मशीन काढायला घेते, जास्त थांबता येणार नाही."

मी दांड्याला लोंबकळलो. नऊ वर्षं न फिरलेला व्हॉल्व्ह. तो हलेना. जोर लावला तर मोडतो, आणि मोडला तर कायमचा बंद. मी पाव वेढा दिला, पाव मागे घेतला. पुन्हा पाव पुढे, पाव मागे. ड्रायव्हर उतरून दुसऱ्या बाजूनं धरायला आला. "हळू," मी म्हटलं, "कुरवाळल्यासारखा." कर्रर्र झालं. अर्धा वेढा आला. एक आला.

कान लावला. दांड्यात बारीक गुणगुण सुरू झाली होती.

"आलं!" मी कुणाला सांगत होतो कुणास ठाऊक. "पाणी निघालं! दोन! तीन! हळू रे, पाइपाला धक्का बसेल. चार!"

फोनवर नुसते माझे आकडे. नऊ. दहा. अकरा. घाम डोळ्यात जात होता.

"सिस्टर?" पिटुकला म्हणाला.

"शून्य."

पंधरा. सोळा.

"सिस्टर?"

"थांबा," ती म्हणाली. "काटा हलला. थांबा हं. अर्धा. एक. अहो, चढतोय! दीड!"

भाची ऑफिसात किंचाळली, इतकी की माझ्या कानात शिट्टी वाजली. तिच्या मागे साहेबांचा आवाज आला, आणि साहेब इतक्या मोठ्यानं हसतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"दोन," सिस्टर म्हणाली. "पुरे, आता चालेल. टाकी भरतीये. मशीन चालू राहील."

"एकपर्यंत?" पिटुकल्यानं विचारलं.

"एकपर्यंत. पूर्ण चार तास. बोलता का? मी फोन त्यांच्या कानाला लावते."

कसला तरी खरखराट झाला, मग एक दमलेला, बारीक आवाज आला. "अहो, काय झालं बाहेर? सगळ्या जणी खिडकीशी पळाल्या, मला बाई उठता येत नाही."

पिटुकला मांडीभर पाण्यात, पाना धरून, अनवाणी उभा असणार.

"काही नाही," तो म्हणाला. "तू पडून राहा. मी आहे इथंच, रस्त्यात."